महिन्याचं बाळ, शाळेतली दोन पोरं आणि माहेर हिटणी नाक्यापलीकडे: जावं की नको?

अनगोळची_सून
बाळ महिन्याचं होत आलंय. तिसरं आहे. (होय, तिसरं. त्यावरचे सगळे सल्ले घरात मिळून झालेत, इथे नकोत.) सिझर झालं. मोठी मुलगी आठ वर्षांची, आता तिसरीत जाईल. मधला मुलगा पाच संपून सहाव्यात. आम्ही बेळगावात अनगोळला, सासू-सासऱ्यांसोबत राहतो. माझं माहेर गडहिंग्लजच्या अलीकडचं एक खेडं. वंटमुरी घाट, हत्तरगी, संकेश्वर, मग हिटणी नाका ओलांडला की महाराष्ट्र. गाडीने दीड तास, बाळ सोबत म्हणजे दोन धरा.

अडचण अशी की आपल्याकडे शाळा मेअखेरीस उघडतात, गेली काही वर्षं २९ तारखेच्या आसपास. तिकडे भाच्यांच्या जूनच्या मध्याला. आई म्हणते निवांत ये आणि आषाढापर्यंत राहा. सासूबाई म्हणतात सव्वा महिना झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, आणि गेलीसच तर मोठीला इथे ठेव, तिची शाळा बुडेल आणि मलाही हाताखाली होते. म्हणजे मी, बाळ आणि मधला माहेरी, मोठी इथे. आई इकडे येऊ शकत नाही. घरी ती एकटी आणि दोन म्हशी.

सहा आठवड्यांची लस नेमकी त्याच दिवसांत येते. ती इथे घ्यायची की तिकडे? नवरा म्हणतो, तू ठरव. हे ऐकायला बरं वाटतं, उपयोग काही नाही.

निपाणीची_लेक
अभिनंदन! गाडी घरची आहे ना? बसचा विचार करत असाल तर हिशोब आधी सांगते, कारण आम्ही सीमेवरचे लोक या हिशोबातच म्हातारे होणार. कर्नाटकच्या साध्या गाडीत शक्ती योजनेमुळे बायका-मुलींना शून्य तिकीट, जून २०२३ पासून, पण राज्याच्या हद्दीतच. कोल्हापूर-गडहिंग्लज पाटीच्या आंतरराज्य गाडीत ते चालत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. म्हणजे स्वस्तात जायचं तर संकेश्वरला उतरायचं आणि गाडी बदलायची. तुमच्या मधल्याची गंमत वेगळीच: आपल्या बसमध्ये सहापर्यंत फुकट, एसटीत पाचनंतर अर्धं तिकीट. पोरगं तेच, नाका ओलांडला की मोठं झालं!

पण सिझरची बाई, कडेवर बाळ, दोन पिशव्या आणि संकेश्वरच्या स्टँडवर उन्हात गाडीची वाट? नको. तिकिटाचे पैसे वाचवायची ही वेळ नव्हे.

वडगाव_गल्ली_नं_दोन
काय करूलाय ओ तुम्ही, बाईने जावं की नको विचारलंय, तुम्ही तिकीट मोजूलाय 😀 जावा की वैनी. दीड तासाचा रस्ता. आमच्या घरात बाळंतीण दहाव्या दिवशी चंदगडास्नं बेळगावला आली, काय झालं नाही.

खानापूर_बालरोग
मी लहान मुलांचा डॉक्टर आहे. तुमच्या बाळाला मी पाहिलेलं नाही, तेव्हा जे सर्वसाधारण आहे तेवढंच लिहितो.

बाळ पूर्ण दिवसांचं असेल, जन्माचं वजन भरून पुढे वाढत असेल, अंगावर नीट पीत असेल आणि दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल तर महिन्याच्या बाळाने दोन तास गाडीत बसण्यात वैद्यकीय आडकाठी नाही. धोका गाडीपेक्षा पोचल्यावर जास्त. माहेरी पहिल्या दिवशी चाळीस माणसं बाळ बघायला येतात, त्यातली दोघं-तिघं खोकत असतात आणि तीच आधी मुका घेतात. हात धुतल्याशिवाय बाळ कुणाच्या हातात नाही, तोंडाजवळ तोंड नाही, हे आईला आत्ताच फोनवर सांगून ठेवा. तिथे गेल्यावर तुम्ही सांगितलं की तो अपमान होतो.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे सरळ दवाखाना. घरचं औषध नाही, सकाळची वाट नाही. थर्मामीटर पिशवीत वरच ठेवा.

लसीचं सांगतो. सहा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब, रोटा, न्यूमोकोकल आणि दंडावर पोलिओचं छोटं इंजेक्शन असतं. ही सगळी राष्ट्रीय कार्यक्रमातली आहेत, त्यामुळे सीमेपलीकडच्या सरकारी केंद्रातही मिळतात. ताई कार्ड (आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) मात्र सोबत हवंच आणि तिथल्या आशाताईंना आधी कळवा, कारण लसीचे वार ठरलेले असतात. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप, मांडी दुखणं, चिडचिड होते. लस घेतली आणि त्याच दुपारी गाडीत बसलो असं करू नका.

आणि बाळ मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचं नाही. एअरबॅग उघडली तर बाळ मध्ये सापडतं. मागची सीट, आणि जमत असेल तर मागे तोंड करून बसवायची बाळाची खुर्ची. पाजायचं गाडी थांबवून.

वडगाव_गल्ली_नं_दोन
डॉक्टरसाहेब, आमच्या वॅगनआरमध्ये सात जण बसतात, खुर्ची कुठं ठेवू, टपावर?

खानापूर_बालरोग
सातातले तीन उतरवा.

आजी_शहापूर
मी वयाने इथे बहुतेक सगळ्यांत मोठी. सव्वा महिन्याची टिंगल करू नका. आमच्या वेळी शेतावरच्या आणि मागावरच्या बाईला दुसरी रजा कोण देत होतं? शहापूरला घरोघर माग होते, बाळंतीण उठली की तिच्या हातात कांडी. सव्वा महिना शिवायचं नाही म्हटल्यावर तेवढे दिवस तरी ती आडवी पडायची. तेव्हा सासूबाईंना म्हणा, सव्वा महिना पाळते, पण मग चूलही सव्वा महिना नको. बघा काय म्हणतात.

एक विचारू का? घरात आत्ता स्वयंपाक कोण करतंय?

अनगोळची_सून
आजी, तुम्ही बरोब्बर बोट ठेवलंत. सकाळचा सासूबाई, रात्रीचा मी. आणि मोठी पोळ्यांना तेल लावते, दुपटी घड्या घालते, मधल्याला आंघोळीला घालते. पाणी चार-पाच दिवसांआड येतं. आलं की भांडीकुंडी भरायला तीच धावते. सगळे कौतुक करतात, किती शहाणी आहे. यंदा शिवजयंतीचे चित्ररथ बघायला मात्र तिला कोणी नेलं नाही. मी अडकलेली, बाबा दवाखान्याच्या धावपळीत. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर, खूप आभार. लसीबद्दल कळलं. वजन बरं वाढतंय.

हिंडलगा_बाबा
मी बाप आहे, दोन मुलींचा. धाकटी झाली तेव्हा मोठी सात वर्षांची. सगळं शहाण्यासारखं करायची आणि रात्री अंथरूण ओलं करायला लागली. आम्ही घाबरलो. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं, रागवू नका, ओरडू नका, निघून जाईल. गेलं. त्या काळात माझी बायको बाळात, मी कामात, आणि मोठी आजीच्या हवाली. मग मी रोज रात्री जेवल्यावर तिला एकटीला घेऊन कॅम्पात चक्कर मारायला लागलो. बोलायचं वगैरे काही नाही. दुकानांच्या पाट्या वाचायच्या, कन्नड ती वाचणार आणि मी चुकणार. तिला फार आवडायचं मी चुकलेलं.

मोठीला मागे ठेवून जाऊ नका असं माझं मत. शाळेचे पहिले आठ दिवस पुस्तकं वाटण्यातच जातात.

टिळकवाडी_शिक्षिका
शेवटच्या वाक्याशी असहमत. मी प्राथमिकला शिकवते. आठ दिवस पुस्तकं वाटण्यात जातात हे पालकांचं लाडकं वाक्य. तिसरीच्या मुलांना त्या आठ दिवसांत नवी बाई, नवा वर्ग, बाकावरची जागा आणि मैत्रीण मिळते. दहा-पंधरा दिवसांनी आलेल्या मुलीला ते सगळं ठरून गेलेलं सापडतं. त्यात घरी नवं बाळ.

पण मागे ठेवणंही नको. मग दोन्ही कसं? आज मे अर्धा झालाय. आत्ता जा, चौघंही जा, आणि शाळेच्या दोन दिवस आधी सगळे परत या. बारा-तेरा दिवस मिळतात. माहेरपण दोन महिन्यांचंच असतं असं कुठे लिहिलंय? आषाढापर्यंतचा बेत पहिल्या बाळाचा, तेव्हा कुणाची शाळा नव्हती. लसही परत आल्यावर इथेच होईल, नेहमीच्या डॉक्टरांकडे.

आणि दिवाळीकडे लक्ष लावून बसू नका. आपल्याकडे दसऱ्याला मोठी सुट्टी आणि दिवाळीला मोजके दिवस, तिकडे उलट. मामाकडची पोरं आणि आपली पोरं एकत्र सुट्टीत असतात ती फक्त मे महिन्यात. तुमच्या मोठीला भाचरांबरोबर आंबे खायचे तर आत्ताच.

निपाणीची_लेक
बाई, हे अगदी खरं. माझ्या लेकाला वाटतं मामाच्या गावात कायम शाळा चालू असते.

संकेश्वर_नाका
रस्त्याचं सांगतो, रोज जाणं-येणं आहे. सकाळी साडेसहाला निघा. दहानंतर ऊन, आणि रविवारी दुपारी लग्नाच्या गाड्या. घाट उतरल्यावर मधल्याला उलटी होत असेल तर त्याला निघताना दूध-बिस्कीट देऊ नका, कोरडी भाकरी किंवा चिरमुरे द्या. हायवेवर कुठेही कडेला गाडी लावून पाजत बसू नका, ट्रक मागून येतात. पेट्रोल पंपावर आत, सावलीत थांबा. संकेश्वर सोडल्यावर रस्ता अरुंद, पण वेळ फार नाही.

गाडीत एसी लावला तर झोत बाळावर नको. काच थोडी उघडी ठेवलीत तरी पुरे.

अंकलीची_अक्का
मी कन्नड घरातून मराठी घरात आलेली, त्यामुळे दोन्हीकडचं बाळंतपण अंगावर काढलंय 😄 माझ्या आईकडून अंटिन उंडी, सासूकडून डिंकाचे लाडू, म्हणजे एकाच गोष्टीचे दोन डबे, आणि दोन्ही संपवायचे. कुणाचा आधी संपला यावरही लक्ष. अळीव, शेपू, बाळंतशेपा सगळं खाल्लं. पाणी कमी प्यायचं हे मात्र दोन्ही घरांत एकमताने सांगितलं, ते मी ऐकलं नाही. दूध पाजणाऱ्या बाईला तहान लागते, प्यायचं.

माहेरी शेक-शेगडी करणार असतील तर जरा बघा. खेड्यात खोली बंद करून निखारे ठेवतात, धुरी देतात.

खानापूर_बालरोग
याला माझं जोरदार अनुमोदन. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको. निखाऱ्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, आई-बाळ दोघं झोपेतच गुदमरू शकतात. शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी, आणि तीही टाक्यांवर नको. धुरी नको, नाकात-कानात तेल नको, काजळ नको. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध, गुटी, पाणी काही नाही. मधाचं बोट चाटवणारी एक तरी आत्या येतेच, तिच्यावर नजर ठेवा.

आजी_शहापूर
डॉक्टर, मालिश तरी ठेवलीत, उपकार झाले.

खानापूर_बालरोग
मालिश ठेवली, आजी. हलक्या हाताची. पाय धरून उलटं टांगायचं नाही.

मोठी_लेक_खानापूरची
मी सहसा इथे लिहीत नाही. मी घरातली मोठी. तिसरा भाऊ झाला तेव्हा आई त्याला घेऊन माहेरी गेली आणि मी आजीजवळ राहिले, शाळा होती म्हणून. छळ वगैरे काही झाला नाही. आजी प्रेमळ होती. पण "हाताखाली होते" हे वाक्य वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मी त्या पावसाळ्यात लंगोट वाळवायला शिकले. खानापूरचा पाऊस, चुलीवर टोपली पालथी घालून त्यावर कपडे. आई आली तेव्हा ती पाहुण्यांना सांगायची, हिने माझं घर सांभाळलं. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आता माझी मुलगी त्या वयाची आहे आणि तिला मी गॅसजवळ एकटं उभं राहू देत नाही.

तुमच्या सासूबाई वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना खरंच मदत लागत असेल. पण ती पैसे देऊन मिळते. दोन महिने भांड्याला आणि कपड्याला बाई ठेवा.

वडगाव_गल्ली_नं_दोन
बाई मिळत नाही ओ. मिळाली तर बाळंतिणीचे कपडे म्हटल्यावर डबल सांगते.

मोठी_लेक_खानापूरची
मग डबल द्या.

हिंडलगा_बाबा
विषयाला थोडं सोडून. बाळाच्या जन्मदाखल्याचं काम झालं का? जन्म बेळगावात म्हणजे नोंद बेळगावातच, २१ दिवसांत. दवाखाने कळवतात, पण मसुदा आपण बघायचा. नाव ठरलं नसेल तर बिननावाचा दाखला घेता येतो आणि वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं. दाखला कन्नड आणि इंग्रजीत येतो. आई-बापाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टापर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच कागद लागणार आहे.

अनगोळची_सून
नोंद झाली. नाव अजून नाही, बारशाचं पुढे बघू. स्पेलिंग बघितलं, यांच्या नावात एक 'ए' जास्त होता, तो काढून घेतला.

आता ताजी बातमी. शिक्षिका बाईंचं गणित मी घरात मांडलं: आत्ता जायचं, तिन्ही पोरं सोबत, शाळेच्या दोन दिवस आधी परत, लस इथे. टाके घातलेल्या डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या जा, पण मध्ये एकदा उतरून पाच मिनिटं चालायचं आणि पिशव्या उचलायच्या नाहीत. सासरे लगेच हो म्हणाले. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग काल सव्वा महिन्याला किती दिवस राहिले ते मोजलं, थोडेच होते, तर तेवढे थांब म्हणाल्या. थांबते. म्हणजे माहेरचे जेमतेम काही दिवस मिळतील. आजी, तुम्ही सांगितलेलं चुलीचं मी बोलले नाही, पण कालपासून रात्रीचा स्वयंपाक हे करतायत. पिठलं भात, पिठलं भात आणि आज पिठलं भात. भांड्याला बाईही बोलावलीय, डबलच सांगितलं तिने.

आता नवीन भानगड. सासूबाई म्हणतात, मीही सोडायला येते, विहीणबाईंना भेटून दोन वर्षं झाली. गाडी लहान. चुलतभावाकडून बाळाची खुर्ची मिळालीय, ती मागे एका बाजूला. यांच्याशेजारी सासूबाई. मागे मी आणि मधला, की मागची सीट भरली. मोठीला जागा नाही. मांडीवर घेते म्हणतात, आठ वर्षांची मांडीवर कशी बसेल, आणि डॉक्टर मला इथून हाकलतील.

खानापूर_बालरोग
हाकलतो.

संकेश्वर_नाका
दोन फेऱ्या मारा. नाहीतर दोघांना बसने.

निपाणीची_लेक
थांबा थांबा, हे सोपं आहे. सासूबाई आणि मोठी, दोघी बसने संकेश्वरपर्यंत! दोघींना शून्य तिकीट. सकाळी मोठ्या स्टँडवरून निपाणीकडची साधी गाडी धरायची, पाटी बघून चढायचं, कोल्हापूरची नको. तुम्ही गाडीने पुढे. तुम्हाला माहेरी सोडून यजमानांनी संकेश्वरला परत यायचं आणि दोघींना घेऊन जायचं. संकेश्वर-गडहिंग्लज अंतर ते किती! मोठीला खिडकी मिळेल, आजी एकटीची मिळेल, आणि मधला भाऊ कटकट करायला नाही.

टिळकवाडी_शिक्षिका
आणि बसमध्ये आजीच्या हाताखाली काही काम नसतं.

अनगोळची_सून
मोठीला विचारलं. बस म्हटल्यावर ती उड्या मारायला लागली. मधला आता रडतोय, त्यालाही बसने जायचंय. त्याला सांगितलं पुढच्या वेळी. सासूबाई म्हणाल्या, मग वाटेत खायला मी धपाटे करून घेते, म्हणजे तयार झाल्या समजायचं.

निपाणीची ताई, एकच शंका. मोठीला ओळखपत्र लागतं का? तिचं आधार आहे, पण त्यावर पत्ता अजून माझ्या माहेरचा आहे, ती जन्मली तेव्हा तिकडेच काढलेलं.

निपाणीची_लेक
अरे देवा. शून्य तिकिटाला कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं. लहान मुलींना कंडक्टर फार विचारत नाहीत, पण विचारलं तर अर्धं तिकीट काढायचं, वाद घालायचा नाही. सुटे पैसे सासूबाईंकडे द्या. आणि आल्यावर पत्ता बदलून घ्या. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यायचे असतात, तेही राहिले असतील तर एकाच फेरीत होईल.

अनगोळची_सून
ठसे राहिलेत. जूनमध्ये करते. सुटे काढून ठेवले.

वडगाव_गल्ली_नं_दोन
वैनी, येताना गडहिंग्लजची मिरची आणा की. किलोभर. पैसे देतो.